कडीआत्या आणि पान एकशे त्रेचाळीस

माझ्या आत्याला आम्ही पोरं कडीआत्या म्हणायचो. घरातून निघताना ती दाराला कडी लावायची, चार पावलं जाऊन परत यायची, कडी ओढून बघायची आणि अर्ध्या जिन्यातून पुन्हा वर. आम्ही मागून तिची नक्कल करायचो. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

एकतीस वर्षं तिनं हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात काढली. उकळत्या पाण्याच्या टाक्या, डागाळलेल्या चादरींचे ढीग, वाफेनं सोलवटलेले हात. प्रत्येक टाकीचं झाकण ती स्वतः तपासायची. बाकीच्या बायका वैतागायच्या, "आम्हाला काय डोळे नाहीत का?" ती ऐकून घ्यायची आणि तपासायचीच. तिच्या पाळीत कधी कुणाला भाजलं नाही.

याचं मूळ घरात होतं. आजी-आजोबा कापड रंगवायचे. मागच्या खोलीत रंगाचा मोठा हंडा जमिनीत बसवलेला, खाली जाळ, वर लाकडी झाकण, झाकणाला कडी. घरचा नियम एकच, शेवटी जो ढवळेल त्यानं कडी लावायची. आत्या अकरा वर्षांची असताना एका दुपारी तिचा चार वर्षांचा धाकटा भाऊ त्या झाकणावर चढला. कडी लावलेली नव्हती. झाकण कलंडलं. पुढचं सांगत नाही.

शेवटी ढवळलं होतं आत्यानं. कडी लावली की राहिली, ते तिला काही केल्या आठवेना. त्या दिवसापासून आजीनं तिच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच. घरात मूल झालं की ते हिच्या मांडीवर कुणी द्यायचं नाही. पुढे पुढे तीच पाळण्यापासून लांब बसायला लागली. मलाही तिनं कधी उचललं नाही. आणि आजी अंथरुणाला खिळली तेव्हा नऊ वर्षं तिचं हागणंमुतणं काढलं ते याच मुलीनं. आजी भिंतीकडे तोंड करून पडायची.

आणि मी दीडशहाण्यानं काय केलं? या सगळ्याची कादंबरी केली. नावं बदलली, कापडाचा रंग बदलला आणि वाटलं, चला, आता हे कुणाचंच नाही. एका ठिकाणी मात्र गाडी अडली. शेवटी आईनं मुलीपुढे कोसळायला हवं होतं, आणि त्यासाठी चूक आईची निघायला हवी होती. मग मी लिहिलं की मुलीनं कडी लावली होती. मागाहून आई आली, रंग चढलाय का बघायला झाकण उघडून चिंधी बुडवली आणि कडी लावायची विसरली. पान एकशे त्रेचाळीस. लिहून झाल्यावर मी स्वतःवर खूश होऊन चहा प्यालो होतो.

पुस्तक आत्याला द्यायची माझी छाती झाली नव्हती. तिनं ते कुठून मिळवलं कोण जाणे. एका रविवारी दुपारी ती घरी आली. बायको बाहेर गेली होती, पाच महिन्यांची लेक चटईवर पडून हातपाय झाडत होती. आत्यानं दाराची कडी लावली, ओढून बघितली आणि पिशवीतून पुस्तक काढलं. त्याला खाकी कव्हर घातलेलं होतं.

"हे तुला कुणी सांगितलं?" पानावर बोट ठेवून तिनं विचारलं.

सत्तरीला आलेली बाई, आणि अकरा वर्षांच्या मुलीनं बघावं तशी माझ्याकडे बघत होती. मनात आलं, एका शब्दानं जर हिचं ओझं उतरत असेल, तर माझ्या बापाचं काय जातंय? आणि खरोखर बापाचंच नाव घेतलं.

"बाबांनी. जायच्या आधी बोलले एकदा. त्यांनी आजीला झाकण उघडताना पाहिलं होतं."

"दादानं?" ती खाली बसली. "हो, तो दारातच कापड पिळत होता. आणि आई चिंधी बुडवून बघायचीच. नेहमी बघायची. मला कसं सुचलं नाही रे?"

मला वाटलं आता रडेल, मोकळी होईल. ती आपले हात उलटसुलट करून बघायला लागली.

"म्हणजे आईला ठाऊक होतं," ती म्हणाली. "नऊ वर्षं मी तिचं अंग पुसलं. रोज पाय चेपताना मनात माफी मागायचे. आणि तिला ठाऊक होतं."

"आत्या, थांब. मी खोटं बोललो. बाबा काही बोलले नव्हते. ते मी रचलंय गं, सगळं मनचं आहे."

"आता तिला पाठीशी घालू नकोस. मेलेल्या बापाच्या नावानं खोटं बोलणारा तू नाहीस."

"तुझी शपथ, आत्या."

तिनं माझ्याकडे लक्षच दिलं नाही. उठली, चटईपाशी गेली आणि लेकीला उचलून घेतलं. तिला मूल धरता येत नव्हतं. धुतलेल्या चादरी न्याव्यात तसं तिनं ते दोन्ही हातांवर आडवं घेतलं आणि मग हळूच छातीशी धरलं. लेक तिच्या हनुवटीला हात लावत होती. पुन्हा बोलायला मी तोंड उघडलं, आणि मिटलं.

"पुस्तक पुरं वाचलंस?" मी विचारलं.

"वाचलं की. चांगलं लिहिलंयस." लेकीच्या डोक्यावरून हात फिरवत ती म्हणाली, "शेवट तेवढा मनचा वाटला. आई कबूल करते, मुलगी तिला माफ करते, ते सगळं. तसं काही व्हायचं नाही. मी तिला माफ करणार नाही."