एका गाडीला दोन सुनील

केडगावच्या वाल्मिकला स्वतःच्या जीपच्या स्टेअरिंगला दुसऱ्याचा हात लागलेला खपत नसे. बायकोनं सीट पुसली तरी कुरकुर. सुप्याच्या कंपन्यांत कामाला जाणाऱ्या बायका वर्षानुवर्षं त्याच्याच गाडीनं जायच्या आणि उशीर करणारीला तो खुशाल मागं सोडून जायचा. माणूस तिरसट, पण हात भरवशाचा.

मग त्याच्या उजव्या डोळ्याचा पडदा सरकला. ऑपरेशन झालं, पडदा जागेवर बसला, नजरही आली. पण पडदा धरून ठेवायला डोळ्याभोवती आतून बसवलेल्या पट्टीमुळं डोळा बाहेरच्या अंगाला ओढला गेला आणि वाल्मिकला एकाचे दोन दिसू लागले. "होतं असं कधीकधी," डॉक्टर म्हणाले. "आधी चष्मा करून बघू, नाहीतर पुन्हा ऑपरेशन. तोवर गाडीला हात लावायचा नाही."

गाडी दारात उभी ठेवून कसं भागणार? बायकोचा भाऊ सुनील चालवायला आला, आणि तेव्हापासून वाल्मिकच्या पोटात जे दुखायला लागलं, त्यावर कुठल्याच डॉक्टरकडं औषध नव्हतं. घरी बसवेना, म्हणून तोही रोज शेजारच्या सीटवर. सुनील गाणी लावायचा. उशीर झालेल्या बाईसाठी थांबायचा. बायका त्याला घरचं लोणचं आणून देत. वाल्मिकला इतक्या वर्षांत कुणी साधी चिंच दिली नव्हती. त्यात एक मेहुणा कमी होता की काय, म्हणून त्याला स्टेअरिंगवर दोन-दोन सुनील दिसत आणि दोघंही हसतमुख. नुसता जळफळाट!

एके दिवशी त्याला शोध लागला, की मान एका अंगाला वाकडी करून बघितलं की दोनाचं एक होतं. झालं! दुसऱ्या दिवशी सगळ्या बायका बसल्यावर तो सुनीलच्या दाराशी येऊन म्हणाला, "सुनील, सरक तिकडं. आज मी चालवनार."

सुनील सरकला. वाल्मिकनं मान वाकडी करून चावी फिरवली. बायकांत बनुबाई सगळ्यांत जुनी. तीच आधी उतरली.

"डबा ऱ्हायला घरी, वाल्मिकभाऊ. तुमी व्हा फुडं."

तिच्यामागं दुसरी, मग तिसरी. सगळ्यांचेच डबे घरी राहिले होते. हातातल्या पिशव्यांतून ते चांगले दिसत होते.

गाडी रिकामी झाली. सुनील मात्र बसून होता. वरची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरलेली, ब्रेक दाबावा तसा पाय पत्र्यावर रोवलेला, कपाळावर घाम.

"तुझा न्हाई ऱ्हायला डबा?" वाल्मिकनं विचारलं.

"चला दाजी," सुनील म्हणाला. "जरा हळू घ्या, म्हंजे झालं."

मेहुण्याचा इतका हेवा वाल्मिकला आजवर कधी वाटला नव्हता. याच्या जागी आपण असतो तर बनुबाईच्याही आधी उतरलो असतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं चावी काढून सुनीलच्या हातात कोंबली.

"बलव त्यांना," तो खेकसला आणि पलीकडच्या सीटवर बसायला खाली उतरला.