आकृती बारा पाहा

सत्तरीच्या दशकाच्या आरंभी मी सकाळी पाठशाळेत शिकवीत असे आणि दुपारी देवळामागच्या बोळातील एका छापखान्यात मुद्रिते तपाशीत असे. लग्नपत्रिका, पंचांगे, सहकारी संस्थांचे अहवाल, असे नाना प्रकारचे कागद हाताखालून जात. त्यांत एकच ग्रंथ असा आला की, हे काम आपण याच्याचसाठी पत्करले होते असे मला वाटले. त्याच ग्रंथानंतर मी ते काम सोडले.

ग्रंथ माझ्या गुरूंचा होता. गावात त्यांना सगळे शास्त्रीबुवा म्हणत. यज्ञासाठी कोणते कुंड कोणत्या कर्माला, ते किती अंगुळे खोल, त्याच्या काठाभोवतीच्या पायऱ्या, म्हणजे मेखला, किती रुंद, ही विद्या त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मुखाने चालत आलेली होती. त्यांना मुलगा नव्हता आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. ज्या खेड्यात शिकवायला कोणी नाही, तेथल्या एखाद्या पुरोहिताने नुसता ग्रंथ उघडून निर्दोष कुंड बांधावे, एवढीच त्यांची इच्छा होती. दृष्टी शिल्लक होती तोवर त्यांनी सर्व आकृत्या आणि मापांची कोष्टके स्वतःच्या हाताने काढून ठेवली आणि त्यांना अनुक्रमांक दिले. मजकूर मला सांगून लिहवला.

सूत्रग्रंथांच्या शिस्तीत वाढलेल्या माणसाला पुनरुक्तीचा तिटकारा असतो. आकृतीत जे दाखवले ते शब्दांत पुन्हा सांगणे शास्त्रीबुवांना दोषास्पद वाटे. म्हणून आरंभीच्या प्रकरणात त्यांनी कर्माचे नाव सांगून पुढे एवढेच घातले होते : ‘शांतिकर्मासाठी आकृती बारा पाहा.’ आकृती बारा म्हणजे वर्तुळाकार कुंड. तिच्या अलीकडची अकरावी म्हणजे त्रिकोणी कुंड, आणि त्याचा विनियोग शत्रुनाशासाठी. आकृतीखाली केवळ आकाराचे नाव आणि माप. कर्म कोणते ते पहिल्या प्रकरणात, कुंड कसे ते पुढच्या प्रकरणात, आणि या दोहोंना जोडणारा केवळ एक आकडा. त्या आटोपशीरपणाचे मला तेव्हा फार कौतुक वाटले होते.

छापखान्यात अक्षरांच्या खिळ्यांचा साठा बेताचाच. सबंध पुस्तक जुळवून ठेवण्याची सोय नव्हती. एक फर्मा, म्हणजे सोळा पाने, जुळवायची, तपासून छापायची, आणि मग तेच खिळे मोकळे करून पेटीत टाकायचे व पुढच्या फर्म्याला घ्यायचे. एकदा खिळे सुटले की ती पाने कायमची. त्यामुळे पहिल्या प्रकरणातला प्रत्येक ‘पाहा’ मी हस्तलिखिताशी पुनःपुन्हा ताडला आणि मगच छापण्याची परवानगी दिली.

खर्च उचलला होता एका यजमानांनी. शेतकरी घरातला माणूस. शिरोलीला ओतकामाचा कारखाना काढून वर आलेला आणि देवाधर्माचे मनापासून करणारा. त्यांनी शास्त्रीबुवांकडून एक मोठा यज्ञ करविला होता आणि त्या वेळचे सपत्नीक छायाचित्र पुस्तकात यावे अशी त्यांची इच्छा होती. मी म्हटले, आरंभी घालू. तर त्यांनी कानांना हात लावले.

“म्होरं देवीचा फोटू हाय न्हवं? तिच्या शेजारी आमी बसायचं? पाप लागंल की, मास्तर. आत कुठंतरी घाला, कुंडाच्या शेजारी.”

“आत घालू, पण त्याला क्रमांक द्यायचा नाही,” मी म्हणालो.

ते नमस्कार करून निघाले. मला वाटले, त्यांना पटले.

पितृपक्षात मी आमच्या गावी श्राद्धाला गेलो. परत येऊन छापखान्यात पाऊल ठेवतो तोच मुख्य जुळारी सामोरे आले. साऱ्या छापखान्याचे ते चाचा. नमाज चुकवत नसत आणि थट्टाही चुकवत नसत. त्या दिवशी मात्र त्यांचा चेहरा उतरलेला होता.

“मास्तर, तुमी तिकडं पितरं जेवाय घालाय गेलता, हिकडं तुमच्या पुस्तकाचंच तेरावं झालं.”

आकृत्यांचा फर्मा छापून झाला होता. प्रकरणाच्या तोंडाशी यजमानांचे छायाचित्र, आणि त्याखाली ‘आकृती ८ : यजमान सपत्नीक’. चौकोनी कुंड आठवे होते ते नववे झाले होते, आणि पुढचे सर्व एकेक घर सरकले होते. बारा क्रमांकावर आता त्रिकोण होता.

“कोणी सांगितले हे?”

“यजमान आलते. म्हणाले, समद्या चित्रांस्नी नंबर आणि आमच्याच फोटूला न्हाय, म्हंजे ती कारखान्याची जाहिरात वाटतीया. मालक म्हणाले, द्या नंबर. मी म्हटलं, मास्तर येऊं द्यात. तर मालक म्हणाले, मास्तर पगार देतोय का मी?”

मी छापखान्याच्या मालकांपुढे पहिल्या प्रकरणाचे छापील पान ठेवले. शांतिकर्म, आकृती बारा. मग नव्या फर्म्यातली आकृती बारा दाखवली. ते सुशिक्षित गृहस्थ होते. दोन्ही पाने पाहून म्हणाले, “एका आकड्याचा तर फरक आहे.”

पहिले फर्मे पुन्हा छापायला यजमान कागद देईनात. आकृत्यांचा फर्मा पुन्हा छापावा तर प्रकाशनाचा दसऱ्याचा मुहूर्त ठरून निमंत्रणे गेलेली. शेवटी एकच उपाय उरला. चाचांनी आणि मी मिळून शुद्धिपत्राचा एक कागद सिद्ध केला : प्रथम प्रकरणातील आठ व त्यापुढील प्रत्येक आकृतीच्या क्रमांकात एक मिळवून वाचावे. तो मुखपृष्ठाच्या आत चिकटवायचा असे मालकांनी मान्य केले. चाचांनी तो आपण होऊन ठळक खिळ्यांत जुळवला. मी निश्चिंत झालो.

दसऱ्याला पुस्तक हातात आले तेव्हा ते पान तिथे नव्हते. मी बांधणीवाल्याकडे धावलो. त्याने कोपऱ्यात पडलेला गठ्ठा दाखवला. यजमान स्वतः येऊन काढायला सांगून गेले होते.

समारंभाच्या गर्दीत मी त्यांना बाजूला घेतले. ते रागावले नाहीत. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “मास्तर, शुभकार्यात पयल्या पानावर चुका कबूल करायच्या व्हय? आणि कशाला एवढं मनाला लावून घेताय? आमी पुस्तक देवघरात ठिवलंय. हळदकुंकू वाहिलंय. वाचतंय कोण?”

ते वाक्य त्यांनी श्रद्धेने उच्चारले होते. म्हणूनच त्याबद्दल मला त्यांना अद्याप क्षमा करता येत नाही.

शास्त्रीबुवांना मी त्याच सायंकाळी सर्व सांगितले. ते पुस्तक मांडीवर घेऊन बसले होते आणि न दिसणाऱ्या पानांवरून बोटे फिरवीत होते. ऐकून घेऊन म्हणाले, “हाती आहेत तेवढ्या प्रती तू दुरुस्त कर.” तेवढ्या मी शाईने केल्या. बाकीच्या यजमानांनी पाहुण्यांना, देवस्थानांना आणि गावोगावच्या पुरोहितांना प्रसाद म्हणून वाटल्या होत्या. त्यांच्यामागे कोण जाणार?

पुढच्या उन्हाळ्यात गडहिंग्लजकडचा एक तरुण पुरोहित आला. कोणाकडून तरी ग्रंथ मिळाल्याने तो धन्य झाला होता. शास्त्रीबुवांच्या पाया पडून सांगू लागला, “घरात एकामागून एक दुखणी चाललेल्या कुटुंबाची शांती केली. आपल्या ग्रंथावरून पहिल्यांदाच मोजून कुंड बांधले. वडील सरसकट चौकोनीच बांधायचे.”

“मग तू कोणते बांधलेस?” शास्त्रीबुवांनी विचारले.

“आकृती बारा. त्रिकोणी.”

मी तिथेच बसलो होतो. शास्त्रीबुवांनी त्याला सरबत देववले, चूक समजावली, आणि पुन्हा शांती कशी करायची ते आकारासह, मापासह, तोंडी सांगितले. तो घाबरून गेला. “माझ्या हातून पाप घडलं का?” म्हणाला. ते म्हणाले, “तुझ्या हातून नाही.”

तो गेल्यावर त्यांनी प्रायश्चित्ताचा संकल्प सोडला. त्या वयात उपवास. मी हात जोडले. म्हटले, दोष मालकांचा आहे, यजमानांचा आहे. निदान आपल्याऐवजी मी करतो.

“अरे, ग्रंथावर नाव कोणाचे आहे?”

“आपले.”

“मग?”

त्या उपवासाच्या दिवसांतच यजमानांकडून पेढे आले. कारखान्यात नवी भट्टी सुरू झाली होती. शास्त्रीबुवांनी पेढा कपाळाला लावून बाजूला ठेवला आणि घेऊन येणाऱ्याला आशीर्वाद दिला. मी त्यांचा शिष्य, पण ती पायरी मला कधी चढता आली नाही.

ग्रंथाचा दुसरा भाग मंडपाविषयी व्हायचा होता. खांब, तोरणे, ध्वज, वेदी, सगळे त्यांना मुखोद्गत होते, आणि हा भाग आकृत्यांशिवाय, सगळा शब्दांत लिहू असे मी सुचवले. छापखाना सोडला असल्याने आता दररोज तिसऱ्या प्रहरी मी कागद आणि दौत घेऊन त्यांच्यापुढे बसत असे. ते माझ्या पाठशाळेची चौकशी करीत, पाऊसपाण्याचे बोलत, आणि मी लेखणी उचलली की म्हणत, “आज नको.” एकदा मी धीर करून विचारले, “निदान मला तोंडी तरी सांगून ठेवाल का?”

ते म्हणाले, “तू पुढे कोणाला सांगशील?”

मी माझ्या विद्यार्थ्यांची नावे मनात आठवू लागलो. एक बँकेत लागायच्या खटपटीत होता, एक पुण्याला निघाला होता. माझे उत्तर होण्यापूर्वीच त्यांनी जपमाळ हातात घेतली, आणि मी दौतीला बूच लावले. मंडपाचे एकही माप आज माझ्यापाशी नाही.