गावडे मॅडम आणि सीतेची वेणी

फूल आल्याशिवाय गावडे मॅडम कुठल्याही ऑर्किडचं नाव घेत नसत. मी मुलुंडच्या आमच्या इमारतीत राहायला आलो त्याच आठवड्यात त्यांनी जिन्यात माझ्या हातातली कुंडी अडवली. "कोणी सांगितलं हे डेंड्रोबियम म्हणून? नर्सरीवाल्यानं? पान कोणाचंही असंच असतं रे. फुलाक इचार." कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांनी तीस वर्षं काढली होती. बोलणं मुंबईचं, पण मुद्द्याला आल्या की मालवणी होत.

त्यांच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये एक ऑर्किड टांगलेलं होतं. कुडाळच्या घरामागे वादळात फणसाची फांदी पडली, तिच्यावरून धाकट्या भावानं, दिनूनं, ते काढून पाठवलेलं. सोबत पत्र्याची पट्टी, तिच्यावर खिळ्यानं कोरलेलं झाडाचं नाव : सीतेची वेणी. पुढच्याच वर्षी दिनू वारला. झाडाला मात्र चार वर्षं फूल नव्हतं.

पाचव्या वर्षी दांडा आला. मॅडमनी दिनूच्या बायकोला, सुमनला, फोन केला. ती तेव्हा लेकीकडे कांजूरमार्गला आली होती. फुलं उमलली त्या रविवारी ती पोहोचली, तेव्हा मॅडम टेबलापाशी भिंग घेऊन बसल्या होत्या. एक फूल ब्लेडनं उभं चिरलेलं.

"हे बघ," त्या मला म्हणाल्या. "सीतेच्या वेणीची फुलं दाटीनं येतात, शेपटासारखी. ही विरळ आहेत. ओठासारख्या पाकळीला झालर आहे. आणि मागे पिशवी हवी, तर इथे पुढे वळलेलं शिंग आहे. हे ऐरिडिस, वेगळीच जात." मग त्यांनी पट्टी सोडली आणि नव्या नावाची चिठ्ठी बांधली.

सुमन उभीच होती. "वन्सं, ह्यांच्या हातचा नाव तुमी काढलात?"

"दिन्याचा नाव नाय काढूक, सुमन. झाडाचा चुकीचा होता."

"चार दिवस ऱ्हवला असता तर काय बिघडला असता?"

मॅडमनी चिठ्ठीची गाठ आवळली. सुमननं पट्टी उचलली, रुमालात गुंडाळली आणि चहा न घेता निघाली. मी तिला रिक्षापर्यंत सोडलं; कधी लागला तर असावा म्हणून तिनं माझा नंबर घेतला. नंतर दोन वर्षं नणंद-भावजयीत बोलणं नव्हतं. "तुमचं चुकलं का?" असं मी एकदा विचारलं. "नाव बरोबर आहे," एवढंच उत्तर आलं.

मग एका दुपारी माझ्या मोबाईलवर फोटो आला. त्याच फांदीवरचं उरलेलं झाड दिनूनं कुडाळच्या परसातल्या आंब्याला बांधलं होतं, ते फुललं होतं. खाली सुमनचा निरोप : "वन्संना दाखवा. हे खोटे होते काय?"

मॅडमनी फोटो मोठा केला. दाट, लोंबता गजरा. मागे पिशवी. म्हणजे फांदीवर दोन जातींची झाडं एकमेकांत वाढली होती. फांदी पडण्याआधी दिनूनं खालून फुलं पाहिली होती ती याची, आणि मुंबईला पाठवलं शेजारचं.

"तुझ्या फोनवरून लाव," त्या म्हणाल्या. "माझा ती उचलायची नाही."

"सुमन, दिन्यान बरोबरच बघितल्यान. काढताना बाजूचा काढल्यान, इतक्याच." मग म्हणाल्या, "आणि मी त्या दिवशी गप ऱ्हवाक हवा होता."

त्या गणपतीत मॅडम पंधरा दिवसांसाठी म्हणून कुडाळला गेल्या. गेल्या वर्षी त्या वारल्याचा फोन मला सुमननंच केला, कुडाळच्या घरून. मुलुंडची खोली तोवर कधीच रिकामी झाली होती.