जैतुनाले लागणारी थंडी

आमचं वावर झरी जामणीकडं, टेकाडावर. सारं बरड, गोटेच गोटे. तिथं तूरही नीट येत नाही. त्या बरडात मी राजस्थानातून रोपं आणून जैतून लावलं, ते तेलाचं ऑलिव्ह. लोकं म्हणत, याले काही कामधंदा नाही. म्हणू द्या. माह्या वावरात मी काहीही लावीन, कोणाच्या बापाचं काय जाते?

झाडं जोमानं वाढले, पण फुलं येईनात. या झाडाले फुलाले कडाक्याची थंडी लागते. आमच्याकडं ती एखाद्या साली पडते, एखाद्या साली नुसती हूल देते. सारे शेकोटीपाशी सरकून बसतात, तवा मी आभायाकडं पाहून म्हणतो, पड बाप्पा अजून.

अन् बायकोले दमा. टेकाडावरची थंडी तिले सोसत नाही. दिवाळी झाली का ती उमरखेडले लेकीकडं जाते. तिथं गावात, भरल्या घरात तिले बरं वाटते. होळीले येते. म्हणजे मी जे मागून राह्यलो, तेच तिले घराबाहेर काढते. हे मले समजत नाही असं नाही. एकट्यासाठी भाकर थापतानी सारं समजते. बोलाले कोणी नसलं का मी बैलाशीच भांडतो.

यंदा जातानी ती म्हणाली, "अवो, आता बस झालं. यंदा फुलं नाही आले, त झाडं काढून टाका अन् तुम्हीही तिकडंच चाला. माह्याच्यानं असं अर्धं अर्धं राहणं होत नाही."

मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं.

अन् यंदाच अशी थंडी पडली का पाण्यात हात घालवेना. शिवरात्रीच्या सुमारास एका झाडावर बारीक पांढरे घोस दिसले. बाजूच्या झाडावरही होते. दाखवाले टेकाडावर कोणीच नव्हतं. मले रडू आलं.

फोन लावला. म्हटलं, "फुलं आले."

तिकडं टीव्ही चालू होता, घरातले हसून राह्यले होते. मंग ती म्हणाली, "चांगलं झालं. लय मेहनत केली तुम्ही."

टीव्हीचा आवाज दूर गेला, ती बाहेर आली वाटते.

"म्हणजे आता तुम्ही काही येत नाही."

तिनं फोन ठेवला नव्हता. मले नुसतं "येतो" म्हणाचं होतं. तोंडातून निघालं नाही.