'तसं' म्हणजे कसं?

सोमवारी सकाळी सव्वादहाला हे सगळं सुरू झालं, म्हसळ्याच्या सरकारी दवाखान्यात. तेव्हापासून किस्से इतके जमलेत की आम्ही तिघी भेटलो की कुठून सांगायला घ्यावं तेच कळत नाही. एकीने तोंड उघडलं की दुसरी म्हणते, "अगं, त्याच्या आधीचा सांग!"

तर त्या सोमवारी माझा आयुष खांद्यावर झोपला होता. चार वर्षांचा. त्याला आकडी येते. मुंबईहून आलेल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "अशा मुलांसाठी गावात काय सोय हवी, याचा अभ्यास चाललाय. घरच्यांना विचारूनच ठरवायचंय. आमच्या समितीवर याल?"

मी घाबरले. "निवडणूक लढवावी लागेल?"

"नाही हो!"

"सातवीच शिकलेय मी, मॅडम."

"शिक्षण नको, तुमचा अनुभव हवाय."

"मग सगळाच न्या," मी म्हटलं. "मला परत नको."

*

पहिली मीटिंग माणगावला. साहेब लोकांनी आपापलं नाव आणि डिग्र्या सांगितल्या. मग आमची पाळी. काशीकाकी कोळीण, नातवाला एकटीच सांभाळते. ती म्हणाली, "मी राहुलची आजी." दिघीच्या रुखसानाभाभी म्हणाल्या, "सनाची अम्मी." मी म्हटलं, "आयुषची आई." झालं!

काकीने समोरची पाटी माझ्याकडून वाचून घेतली. 'रुग्ण प्रतिनिधी.' भडकलीच! "मी कुठं रुग्ण? धडधाकट हाय मी! रुग्ण शेजारणीपाशी ठेवलाय. माझा फकस्त जीव न्हाय थाऱ्यावर."

*

मीटिंगमध्ये फोन सायलेंट ठेवा, असं सांगितलेलं. मी ठेवलाच नाही. आणि वाजला! घरचा नंबर. चपला टेबलाखालीच राहिल्या, मी अनवाणी बाहेर धावले. आयुषला घरीच ठेवून आले होते; जिन्यात पोचून फोन कानाला लावला.

सासूबाई विचारत होत्या, "अगं, हळद कुठं ठेवलीस?"

मी जिन्यातच बसून रडले. मॅडम माझ्या चपला घेऊन बाहेर आल्या. तेव्हापासून आमच्या मीटिंगचा नियम बदलला. फोन चालू ठेवा, आवाज मोठा ठेवा!

*

मग गावोगाव विचारायचा प्रश्न छापून आला. 'मुलाला झटके येतात का?'

लोक म्हणाले, "नाही बा, वायरिंग नवीन केलंय."

मग 'झटके' खोडून 'आकडी' घातलं. तरी सगळीकडे "नाही." माझ्या शेजारणीने तर माझ्या तोंडावर "नाही" सांगितलं. तिच्या मुलीला माझ्याच मांडीवर आकडी आली होती! नंतर गाठून विचारलं, तर म्हणाली, "लग्न व्हायचंय गं तिचं."

मुलगी तीन वर्षांची.

मी मॅडमना सांगितलं, आम्ही घरात नावच घेत नाही हो. काल तसं झालं, आज परत तसं झालं, एवढंच बोलतो. मॅडमनी तसंच छापलं, 'मुलाला कधी तसं होतं का?' आणि बायका भडाभडा बोलायला लागल्या!

पण मोठ्या ऑफिसातून कागद परत आला. कडेला लाल पेनाने लिहिलेलं, 'तसं म्हणजे कसं?'

*

खरा वाद फवाऱ्याचा. आकडी थांबेनाशी झाली की नाकात मारायचा औषधाचा फवारा असतो. तो गावातच आशाताईकडे असावा, एवढंच आमचं मागणं. एक साहेब नकाशा दाखवत म्हणाले, "दिघीला कशाला हवा? पलीकडे दवाखाना आहे की. मधे फक्त खाडी!"

रुखसानाभाभी म्हणाल्या, "साहेब, नकाशात बोटीची वाट बघावी लागत नाही."

सगळे हसले. साहेबही हसले. म्हणाले, "पुढच्या मीटिंगला बघू."

*

हा किस्सा नाही. पण सांगितल्याशिवाय पुढचा कळणार नाही.

पुढच्या मीटिंगच्या आधीच सना गेली. भर दुपारी, दिघीच्या जेट्टीवर, भाभींच्या मांडीवर. पलीकडच्या आगरदांड्याहून निघालेली बोट समोर दिसत होती.

*

भाभी मीटिंगला येतील असं वाटलं नव्हतं. आल्या. आपल्या पाटीसमोर खुर्ची ओढून बसल्या. पुन्हा ओळखी झाल्या.

"राहुलची आजी."

"आयुषची आई."

"सनाची अम्मी."

त्या दिवशी नवे साहेब आले होते. त्यांना काही माहीत नव्हतं. अगदी आपुलकीने त्यांनी विचारलं, "मग, सनाला आता कसं आहे?"

काकीने माझा हात घट्ट धरला. मॅडमनी मान खाली घातली.

भाभी म्हणाल्या, "आता तसं होत नाही, साहेब."

"अरे वा! छान!" म्हणत साहेबांनी लिहून घेतलं.

*

फवारा आता आशाताईंकडे आलाय. आमच्या गावात आणि दिघीतही. तुमच्या ओळखीत कुणाच्या घरी तसं होत असेल, तर त्यांच्या कानावर घाला. नाव घेऊ नका. नुसतं सांगा.