आलीच्या थडग्यांतला शुक्रवार

आमच्या ह्यांना शुक्रवारी घरात बसवत नसे. आठवडाभर बहारीनमध्ये हिद्दच्या बाजूला गोदीच्या कामावर उन्हात उभं राहायचं, मग सुट्टीच्या दिवशी माणसानं झोपावं की नाही? पण ऑफिसातल्या कुणा साहेबाकडून बहारीनच्या जुन्या थडग्यांवरचं एक जाडजूड पुस्तक घरात आलं, आणि आमची झोप गेली. डबा, पाण्याची बाटली, कॅमेरा आणि आम्ही मायलेकी, अशी वरात दर शुक्रवारी थडगी बघायला निघायची. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरचा तो हिवाळा. लेक पाच वर्षांची होती.

हे पुण्याचे, इंजिनियर. मी सावंतवाडीकडची. आमच्याकडे तिन्हीसांजेला मसणवटीच्या वाटेनं कुणी जात नाही, आणि हा माणूस मला त्याच वेळी थडग्यांतून चालवायचा. का, तर तेव्हा फोटोला उजेड चांगला मिळतो! मी कुरकुर केली की म्हणायचे, "अगं, चार हजार वर्षं झाली. एव्हाना त्यांची भुतंसुद्धा म्हातारी होऊन मेली असतील." आणि स्वतःच हसायचे.

मला हसू येत नसे. मला भीती वाटायची. उगाच नाटकी नव्हे, खरीखुरी.

त्या शुक्रवारी आम्ही आली नावाच्या गावात गेलो. गावाच्या घरांना लागूनच मातीची टेकाडं सुरू होतात. काही दोन-तीन मजली इमारतीएवढी उंच, बाकीची पुरुषभर उंचीची, आणि ती इतकी की मोजायची सोय नाही. सगळी एकाच रंगाची, एकाच घाटाची. बहुतेकांना कुशीत भोक पडलेलं, कारण चोरांनी ती कधीच फोडून लुटलेली. आत दगडी खोली, तिच्यात मिट्ट काळोख. त्यातल्या एका टेकाडातून चक्क धूर निघत होता. मी लेकीला मागं ओढली. मग कळलं, गावचे कुंभार थडगी पोखरून त्यांतच भट्टी लावतात. कळल्यावरही मला बरं वाटलं नाही. मेल्या माणसाच्या खोलीत मडकी भाजायची म्हणजे काय!

तासभर चाललो. मग ह्यांनी फर्मावलं, "तुम्ही दोघी त्या टेकाडावर चढून उभ्या राहा. छान फोटो येईल."

"मयताच्या डोक्यावर पाय देऊन फोटो? माझं डोकं फिरलंय की तुमचं?"

"झालं तुझं सुरू."

"सुरू तुम्ही केलंत! पोरीला सिनेमाला न्यायची सोडून..."

भांडण रंगलं. त्यांनी माझं माहेर काढलं, मी त्यांचं पुस्तक काढलं. फार तर दहा मिनिटं असतील. मागं वळून बघते तर लेक नाही.

आधी वाटलं, टेकाडाच्या पलीकडं असेल. पलीकडं गेले. तिथून दुसरं टेकाड, त्याच्या पलीकडं तिसरं, सगळी सारखीच. मी तिच्या नावानं हाक मारली. उत्तर नाही. ह्यांनीही मारली. त्यांचा आवाज फुटलेला ऐकला, तशी मी जास्त घाबरले, कारण ह्या माणसाचा आवाज मी तोवर कधी फुटलेला ऐकला नव्हता. "मी रस्त्याकडं बघतो, तू इकडं बघ," म्हणून ते पळाले.

मी एकटी उरले. ऊन पिवळं पडून सावल्या लांबत चाललेल्या. भोकात पडली असेल, डोकं आपटलं असेल, कुणी उचलून नेली असेल, कुत्रं असेल, काय काय मनात आलं ते आजही लिहवत नाही. मी बेंबीच्या देठापासून ओरडत होते. "ओ दे गं बाय! अगं, मी आई! कुठं आहेस? ओ दे!" मग ओरडता ओरडता रडायलाच लागले, गळा काढून. गावच्या रवळनाथाला नारळ बोलले, कोंबडा बोलले, काय वाटेल ते बोलले. वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

आणि मग मला आठवलं.

गाडीतून उतरताना मीच तिला जवळ घेऊन कानात सांगितलं होतं. माझ्या आईनं मला सांगितलं होतं, तेच शब्द: अशा जागी कुणी नाव घेऊन हाक मारली तर ओ द्यायची नाही. आपल्या माणसाच्या आवाजात मारतात. अगदी आईच्या आवाजात मारली तरी गप्प बसायचं. ओ दिली की घेऊन जातात.

म्हणजे पोर बेशुद्ध असेल तर बोलणार नाही, आणि शुद्धीवर असेल तरी बोलणार नाही. मी जितक्या हाका मारीन, तितकी ती जास्त घाबरून आत सरकेल. मी तोंडात पदर कोंबला. हाका बंद केल्या आणि एकेका भोकापाशी गुडघ्यांवर बसून आत बघायला लागले. ज्या खोल्यांकडं बघायचीही मला छाती नव्हती, त्यांत मी हात घालून चाचपत होते. हाताला दगड लागले, माती लागली, एकदा मडक्याचा तुकडा लागला. भीती होतीच, पण आता ती मेलेल्यांची नव्हती.

माझं मघाचं रडणं ऐकून भट्टीवरचा म्हातारा कुंभार आला. मला अरबी येत होतं बाजारापुरतं. कमरेएवढा हात धरून दाखवला आणि म्हटलं, "बिंत. मफी बिंत." मुलगी नाही. एवढंच जमलं. त्यानं एकदा माझ्याकडं, एकदा सूर्याकडं बघितलं, "यल्ला" म्हणाला आणि भराभर पुढं चालायला लागला. त्याला प्रत्येक भोक ठाऊक होतं. तो वाकायचा, बघायचा, पुढं जायचा. सहा-सात झाली असतील. मग एका ठिकाणी तो वाकला तो वाकलेलाच राहिला, आणि हातानं मला ये ये करायला लागला.

आम्ही भांडत होतो तिथून तीसेक पावलं असेल ती जागा. आमचं भांडण आवडलं नाही म्हणून पोर आत जाऊन बसली होती. भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन, दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबून.

मी आत सरपटत गेले. ती माझ्या गळ्यात पडली नाही. आधी तिनं वाकून माझे पाय बघितले. सुलटे आहेत ना, हे तिनं नीट तपासलं. मग हात तोंडावरून काढले.

"आई, तू खरी आहेस?"

"खरी गं. खरीच."

मी तिला छातीशी धरली, तेव्हा ती थंडीनं कुडकुडत होती. बाहेर ह्यांच्या पळत येण्याचा आवाज येत होता.

ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, "आई, ती तुझ्याच आवाजात हाका मारत होती. खूप मारल्या. मग ती रडायला लागली. मला तिची इतकी दया आली ना! पण मी ओ दिली नाही."