दालमिलची मोटार
नोकरीत खुनाचे तपासही केले, पण आजही सर्वांत आधी आठवतो तो एका मोटारीच्या चोरीचा गुन्हा.

मी तेव्हा अमरावती जिल्ह्यात ठाणेदार होतो. वलगावच्या पुढच्या एका गावात लहान शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढून दालमिल उभारली होती. पूर्वी तूर निघाली की पोत्यांनीच व्यापाऱ्याकडे जायची. आता गावातच डाळ होऊन अकोल्याच्या बाजारात जाऊ लागली. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारी बरीच घरे गावात राहू लागली होती. ऐन हंगामात कुणीतरी मिलची कडी तोडून यंत्र फिरवणारी विजेची मोटार नेली आणि मिल बंद पडली.

संस्थेच्या अध्यक्षबाई रिपोर्ट द्यायला आल्या, सोबत अर्धे गाव. सगळ्यांचा संशय जुन्या व्यापाऱ्यावर. पंचनामा झाल्यावर त्याला ठाण्यात बोलावले. तो मुळीच घाबरला नाही.

“साहेब, मिल बंदच पाडायची असती तं तुरीले भाव चढवून देला असता. सारे माह्याकडंच आले असते. मोटार कायले चोरू?”

मला ते पटले. अचलपूरपर्यंतचे भंगारवाले तपासले, हाती काही आले नाही. चोरलेली वस्तू बाजारात येत नसेल, तर चोराचे दुखणे पैशाचे नसते, हा माझा अनुभव होता.

मग सरपणाला गेलेल्या एका बाईने जमादाराला सांगितले, गावाबाहेरच्या पडक्या विहिरीच्या पाण्यावर तेल तरंगून राहिलं. आम्ही गळ टाकले. काठावर गर्दी जमली, पण गळ रिकामेच वर येत. तेवढ्यात गर्दीतला एक किडकिडीत माणूस म्हणाला, “तिकडं नाही. लिंबाच्या अंगानं टाका.”

मोटार वर आली. लोक मोटारीकडे पाहत होते, मी त्याच्याकडे. त्याच्या ते ध्यानात आले, तरी तो पळाला नाही.

ठाण्यात बसवून चहा दिला. दरडावण्याऐवजी मी कामधंद्याचे विचारले, तेव्हा बोलला.

“पाया खोदतानी मी होतो. गोटे मी वाह्यले. मशीन बसल्यावर बायकोले कामाले घ्या म्हटलं, तं म्हने काम सभासदाच्याच घरच्यायले. सभासद करा म्हटलं, तं म्हने सातबारा आन. मी सातबारा कुठून आनू?”

“मंग जागा काहून दाखवली?”

“लोकायची तूर घरात पडून होती, साहेब. पाहवलं नाही.”

मोटार ओळखायला आलेल्या अध्यक्षबाई समोरच बसल्या होत्या. “तो ठराव आमीच घेतला होता,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “रिपोर्ट वापस घेता येते काय?”

येत नव्हता. दोषारोपपत्र गेले. त्याने गुन्हा कबूल केला. पहिलाच गुन्हा असल्याने न्यायालयाने चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडले.

दरम्यान संस्थेची सभा झाली. वातावरण तापलेले, म्हणून बंदोबस्ताला मी स्वतः गेलो. “चोराले सभासद करता काय?” एकाने ओरडून विचारले.

अध्यक्षबाई उभ्या राहिल्या. “त्याचं काय ते कोर्ट पाहील. मी बिनजमिनीच्या घरायचं बोलून राहिली. त्यायच्या घरी शेळ्या हायेत, कोंबड्या हायेत. त्याले कमाई म्हनत नाही काय?”

बरीच वादावादी झाली. दोघे रागाने उठून गेले. पण नियम बदलला, सातबाऱ्याशिवायही सभासद होता येऊ लागले. त्याच हंगामात त्याची बायको मिलमध्ये चाळणीवर उभी राहिली. तो स्वतः मात्र बरेच महिने त्या रस्त्याने जात नसे, असे जमादार सांगायचा.

त्या संस्थेने गावाची गरिबी हटवली, यात मला शंका नाही. पण शेजाऱ्यांचे दिवस पालटत असताना ज्याला दाराबाहेर ठेवले जाते, त्याला आपली गरिबी पूर्वीपेक्षा जास्त टोचते. पुढे कुठेही सामाईक मालमत्तेची मोडतोड झाली की संशयिताचे नाव विचारण्याआधी मी विचारत असे, “यात कोनाले घेतलं नाही?” लोक एकमेकांकडे पाहत, आणि मग कुणीतरी मान खाली घालून एखादे घर दाखवी. त्या घरी पहिली खेप मी गणवेश न घालता जाई.